वनस्पतींची संप्रेरके : निरोप आणि निवाडा

ऑक्टोबर छाटणी आटोपून दीड-दोन महिने लोटले, की नारायणगाव-जुन्नरच्या बाजूस द्राक्षमांडवांखाली एक काम चाललेले दिसते. बायामाणसे हाती मग घेऊन वेलीवरील एकेक घड त्यातील पाण्यात पुरता बुडवितात, क्षणभर तसाच धरतात, मण्यांच्या बेचक्यांत थेंब साचून राहू नयेत म्हणून त्याला हलकासा झटका देतात आणि पुढच्या घडाकडे वळतात. मगातील ते पाणी म्हणजे लिटरमागे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल विरघळविलेले द्रावण होय. या अंशमात्र द्रव्याच्या बळावर, एरवी लहानखुरा राहणारा थॉमसन सीडलेसचा मणी फुगून, लांबून परदेशच्या बाजारात उतरण्याजोगा होतो. बागाईतदाराच्या बोलीत हे ‘जी.ए.चे डिपिंग’. पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत अक्षरओळख बेताची असलेला मजूरही ते शब्द सहज उच्चारतो. परंतु एवढ्याशा द्रव्याने एवढे मोठे कार्य होते कसे, आणि तेच द्रव्य त्याच वेलीवर सहा महिने आधी पडले असते तर पिकाचा घात का झाला असता, हा प्रश्न मांडवाखाली क्वचितच विचारला जातो. वनस्पतींच्या संप्रेरकांसंबंधी गेल्या शतकात जे ज्ञान साचले, त्याचा आढावा घेताना हाच प्रश्न मध्यभागी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

प्राण्यांच्या देहात एखाद्या ग्रंथीत निर्माण होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवास कार्यप्रवृत्त करणाऱ्या द्रव्याला हॉर्मोन ही संज्ञा १९०५ साली इंग्लंडात स्टार्लिंगने दिली आणि पुढे थोड्याच वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती उचलली. उचलली खरी, पण वनस्पतीच्या ठायी ना ग्रंथी, ना हृदय, ना मज्जासंस्था. तिची जवळजवळ कोणतीही जिवंत पेशी ही द्रव्ये घडवू शकते, आणि एकच द्रव्य मुळात एक, देठात दुसरे, फळात तिसरेच कार्य करते. ज्याला ऊन लागले म्हणून सावलीस सरकता येत नाही, कीड आली म्हणून पळता येत नाही, त्या सजीवाने परिस्थितीला उत्तर द्यावयाचे ते आपल्या वाढीची दिशा आणि गती बदलूनच. आणि ही द्रव्ये म्हणजे त्या बदलाचे निरोप होत. निरोप या शब्दावर आम्ही मुद्दाम भर देतो, कारण लोकव्यवहारात या द्रव्यांना हुकमाचे स्थान दिले जाते, आणि त्या समजुतीतून शेतीत कितीतरी चुका होतात. निरोप एकच असतो. त्याचा अर्थ लावून निवाडा करणारी पेशी मात्र आपले वय, आपले स्थान, सोबत आलेले इतर निरोप आणि सभोवतीचा ऋतू ही सारी पाहून तो निवाडा करते.

या शास्त्राचा आरंभ चार्ल्स डार्विन व त्यांचा पुत्र फ्रान्सिस यांच्यापासून धरण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. गवताचा कोवळा अंकुर उजेडाकडे वाकतो तो बुंध्याशी, पण उजेडाची जाणीव होते ती टोकास. टोकावर काळी टोपी घातली तर वाकणे थांबते, असे त्यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आणि टोकाकडून खाली काहीतरी प्रभाव उतरत असला पाहिजे असे अनुमान काढले. तो प्रभाव पदार्थरूप आहे, हे निर्विवादपणे ठरविण्यास मात्र पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या अंकुरांची टोके कापून आगराच्या चकतीवर काही वेळ ठेविली, नंतर ती चकती टोक छाटलेल्या अंकुराच्या एका कडेस बसविली, आणि अंधारातही तो अंकुर विरुद्ध बाजूस वाकला. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे सौंदर्य असे, की त्यात वाकण्याचा कोन मोजून द्रव्याचे प्रमाण ठरविता येत होते. जे द्रव्य कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, ते मोजले मात्र गेले. हे ऑक्सिन. उजेडाच्या उलट बाजूस ते अधिक साचते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि म्हणून देठ उजेडाकडे झुकतो. पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्याच्या चौकात, चोहो बाजूंच्या भिंतींमधून आभाळाचा जेवढा तुकडा दिसतो तिकडे मान उंचावून वाढलेला पारिजातक ज्याने पाहिला असेल, त्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही.

पाऊसकाळापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे छाटले जातात आणि श्रावणापर्यंत प्रत्येक छाटलेल्या फांदीवर फुटव्यांचा गुच्छ उभा राहतो, तोही याच द्रव्याच्या अभावाचा परिणाम. शेंड्याकडून खाली वाहणारे ऑक्सिन बगलेतील डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा गेला, की तो धाक सरतो. याच ऑक्सिनचा कृत्रिम भाऊबंद गुटी कलमाच्या सालीवर लावला असता मुळ्या लवकर फुटतात. दुसरा एक, टू-फोर-डी, अधिक मात्रेत रुंद पानांच्या तणांचा नाश करतो, आणि उसाच्या फडात फवारलेल्या त्याच टू-फोर-डीचा वाऱ्यावर आलेला अंश शेजारच्या द्राक्षबागेतील पाने वेडीवाकडी करून टाकतो. प्रयोगशाळेत मात्र त्याच द्रव्याचा सूक्ष्म अंश ऊतीच्या तुकड्यापासून नव्या पेशींचा गोळा वाढविण्यास उपयोगी पडतो. मूळ फुटणे, मरण येणे आणि नवी वाढ होणे या तिन्ही गोष्टी द्रव्यांच्या एकाच कुळातून साधतात. कोणती घडावयाची हे मात्रा आणि ती स्वीकारणारी पेशी ठरविते.

इतर संप्रेरकांचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरे. फॉर्मोसा बेटात भाताच्या रोपांना एक विचित्र रोग होई. रोपे बावळटासारखी उंच वाढत आणि कोसळत. त्या रोगाच्या बुरशीच्या निव्वळ द्रवानेही रोपे तशीच वाढतात हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले, आणि १९३५ ते १९३८ या काळात टोकियोत याबुता व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रव्याला जिबरेलीन हे नाव देऊन त्याचे स्फटिक मिळविले. महायुद्धामुळे ही वार्ता पाश्चात्त्य जगास दहा-पंधरा वर्षे उशिरा कळली. इथिलीन हा वायू. सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबोव्ह या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे आखूड, जाड आणि आडवी वाढताना दिसली आणि दिव्याच्या गॅसमधील इथिलीन हे त्याचे कारण असल्याचे त्याने १९०१ साली सिद्ध केले. घट्ट फडक्यात बांधलेल्या मटकीचे मोड आखूड व जाडसर येतात, त्यामागे दाबाने निर्माण होऊन कोंडलेला हाच वायू असतो. सायटोकायनिनाचा शोध १९५५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे स्कूग व मिलर यांच्या प्रयोगशाळेत लागला. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे कपाशीची बोंडे गळण्याचे कारण शोधणाऱ्या अमेरिकनांना आणि थंडीत झाडे निद्रिस्त का होतात हे शोधणाऱ्या ब्रिटिशांना १९६३ ते १९६५ च्या दरम्यान स्वतंत्रपणे सापडले, आणि दोघांचे द्रव्य एकच निघाले. ब्रासिनोस्टेरॉईड, जॅस्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल आणि स्ट्रायगोलॅक्टोन यांना संप्रेरकांच्या पंक्तीस बसविण्यात आले ते मागाहून.

या सर्व शोधांहून अधिक मोलाची अशी एक गोष्ट गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उघडकीस आली आणि तिने या विषयाचा पायाच बदलला. पूर्वीची कल्पना अशी की, संप्रेरक येते आणि पेशीला कामास जुंपते. प्रत्यक्षात असे आढळले की, बहुतेक कामांची सिद्धता पेशीपाशी आधीच असते. तिला अडवून धरणारी प्रथिने तेथे पहारा देत असतात, आणि संप्रेरक येऊन तो पहारा उठविते. जिबरेलीन आपल्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटले, की डेला नावाच्या प्रतिबंधक प्रथिनावर नाशाची खूण बसते, पेशीची यंत्रणा ते मोडून टाकते आणि वाढीची वाट मोकळी होते. ऑक्सिन व जॅस्मोनेट यांची रीतही बव्हंशी अशीच. ऑक्सिनाचा ग्राही कोणता हे २००५ साली ठरले. जिबरेलिनाचाही त्याच वर्षी जपानात. इथिलिनाची तर्‍हा अधिक नवलाची: वायू नसतानाच त्याचे ग्राही कार्यरत असतात आणि उत्तर रोखून धरतात, वायू येताच ते निःशब्द होतात. वाढ करण्याची मुभा देणे हे संप्रेरकाचे काम. वाढ करण्याची कुवत ही पेशीची मिळकत. हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याला फवारणीच्या यशापयशाचे अर्धेअधिक गूढ उकलले असे समजावे.

हरितक्रांतीचा गहूही याच ज्ञानाने नव्या प्रकाशात दिसतो. जपानच्या नोरिन-१० या बुटक्या वाणाचे गुण मेक्सिकोमार्गे आपल्याकडे आले, खत घालूनही लोळण न घेणारे कल्याणसोनासारखे गहू १९६० नंतरच्या दशकात शिवारात उभे राहिले. त्या वाणांतील डेला प्रथिन असे बदललेले आहे की जिबरेलीन येऊनही ते मोडत नाही, म्हणून ताट आखूड राहते, हे १९९९ साली कळले. म्हणजे कोट्यवधी माणसांच्या पोटात अन्न पडले ते एका निरोपाकडे गव्हाने कानाडोळा केल्यामुळे. आयआर-८ या भाताची कथा थोडी वेगळी: तेथे निरोप ऐकला जातो, पण तो तयारच कमी होतो. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात स्थापिलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने पुढे गव्हाचे जे अनेक वाण शेतकऱ्यांस दिले, त्यांतला एमएसीएस ६४७८ हाही बुटक्या वाणांच्याच परंपरेतला. ज्वारीतही बुटकेपणाचा एक गुण आहे. तेथे दोष जिबरेलिनात नसून ऑक्सिनाच्या वाहतुकीत आहे, असे २००३ साली आढळले. यंत्राने कापणी करणाऱ्या अमेरिकनाला तो गुण वरदान वाटला. सोलापूरच्या शेतकऱ्याला मात्र दाण्याइतकाच कडब्याचा लोभ, कारण गोठ्यातली जनावरे त्यावर जगतात; म्हणून मोहोळ येथे निवडलेली उंच मालदांडी त्याने आजवर सोडली नाही, आणि तो त्याचा व्यवहार सर्वथा शहाणपणाचा आहे.

आता द्राक्षाकडे वळावे, कारण संप्रेरकांचा जितका सूक्ष्म व जितका व्यापक उपयोग महाराष्ट्राचा द्राक्षबागाईतदार करतो, तितका करणारा शेतकरी आपल्या देशात दुसरा नाही. द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण प्रदेशातली. हिवाळ्यात तिने पाने टाकून निजावे आणि वसंतात जागे व्हावे हा तिचा नेम. दख्खनच्या पठारावर तिला झोप घेण्याइतकी थंडी पडत नाही. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यातून फळ येते. दुसऱ्या छाटणीनंतर डोळे एकसमयी फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करावे लागते, ते याच हुकलेल्या झोपेची भरपाई म्हणून.

पिकाचा खरा निकाल लागतो तो मात्र उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या अवधीत, काडीवरील डोळ्याच्या पोटात, भिंगावाचून न दिसणारा असा एक अंकुर धरतो. या क्षणी तो घडही नसतो आणि बाळीही नसतो. त्याने पुढे फुलांचा घड व्हावे की आधार शोधीत वळत जाणारी निष्फळ बाळी व्हावे, याचा निवाडा तेथील संप्रेरकांच्या प्रमाणावर होतो. सायटोकायनिनाचे पारडे जड असेल तर घड. जिबरेलिनाचे जड असेल तर बाळी. हे श्रीनिवासन व मलिन्स यांच्या १९७० नंतरच्या संशोधनाने दिसले आणि २००२ साली ऑस्ट्रेलियात बॉस व थॉमस यांनी त्यास देखणा पुरावा जोडला: जिबरेलिनाचा निरोप न ऐकणारी एक बुटकी द्राक्षवेल त्यांनी मिळविली, आणि तिच्या अंगावर जेथे जेथे बाळी यावयाची तेथे तेथे घड लटकले. गव्हात जे जनुक आखूडपणास कारण झाले, त्याच घराण्यातले जनुक येथेही बदललेले निघाले.

नारायणगावच्या किंवा तासगावच्या बागाईतदाराने ऑस्ट्रेलियातील तो निबंध वाचलेला नसतो, पण त्याची रीत नेमकी त्याच शास्त्राला धरून असते. पाच-सहा पानांवर काडी आली, की तो सायकोसिल, म्हणजे ज्याला तो व्यापारी नावाने लिहोसिन म्हणतो ते, फवारतो. ते द्रव्य वेलीत जिबरेलीन तयार होऊच देत नाही. शेंड्याचा जोर आटोक्यात येतो आणि डोळ्यात घड धरण्यास अनुकूल स्थिती येते. पुढे तो सिक्स-बीए हे सायटोकायनिन देतो. या दिवसांत अवकाळी ढग दाटले, पाणी अधिक झाले, नत्र जास्त पडले, की वेल माजावर येते, डोळ्यांना ऊन मिळत नाही आणि ऑक्टोबरात फूट निघाल्यावर तिच्यावर ‘गोळी घड’ दिसतात किंवा घड बाळीत जिरून जातात. ‘घड जिरला’ हे दोन शब्द मांडवाखाली ऐकू आले की वर्षाचे कर्ज थकले असे समजावे. आणि तोच बागाईतदार, ज्याने उन्हाळ्यात जिबरेलीन मारून टाकण्यासाठी पैसे मोजले, तो हिवाळ्यात तेच द्रव्य विकत आणून घडाला पाजतो! पोपटी अवस्थेत दहा-पंधरा पीपीएम दिले की घडाचा दांडा लांबतो आणि पाकळ्या मोकळ्या होतात. फुलोऱ्यात दिले की काही फुले झडून विरळणी साधते. मणी बाजरी-ज्वारीएवढा झाल्यावर चाळीस-पन्नास पीपीएममध्ये घड बुडविला की मणी फुगतो. बीजयुक्त फळात हे काम बी करीत असते, कारण कोवळे बी हेच जिबरेलिनाचे आगर. थॉमसनचे बी लहानपणीच खुरटते, म्हणून त्याची उणीव बाहेरून भरून काढावी लागते. मात्रा चुकली तर देठ जाड होतो, साल राठ होते, आणि पुढच्या वर्षीचे डोळेही नापीक होतात. पूड थेट पाण्यात विरघळत नाही, ती आधी अल्कोहोलमध्ये मुरवावी, पाण्याचा सामू किंचित आम्ल राखावा, या बारकाव्यांत उणेपणा आला तरी महिन्याची मेहनत वाया जाते. एकच वेल, एकच द्रव्य, दोन ऋतू आणि दोन सर्वस्वी विरुद्ध अपेक्षा: संप्रेरकांच्या शास्त्रातील मध्यवर्ती सिद्धान्त शिकविण्यास याहून बोलके उदाहरण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही मिळणार नाही, आणि आपल्या कृषी शाळांतून ते अद्याप या रूपाने शिकविले जात नाही याचे आम्हांस मनापासून वाईट वाटते.

या अज्ञानाची किंमत २०१० साली मोजावी लागली. युरोपातील तपासणीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे त्याच सायकोसिलचा, तेथील मर्यादेहून अधिक अंश आढळला आणि माल बंदरांतच अडकला. बागाईतदार हवालदिल झाले, कारण त्यांनी ते औषध घडावर कधी मारलेच नव्हते. मारले होते ते उन्हाळ्यात, काडीवर. परंतु ते द्रव्य वेलीच्या लाकडात टिकून राहते आणि पुढच्या हंगामाच्या फळात उतरते. आपल्या उर्वरित अंश तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. ते मागाहून घालण्यात आले. १९९७ साली मांजरी येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा आज या तपासणीची राष्ट्रीय पातळीवरील संदर्भ-प्रयोगशाळा आहे, आणि कोणते संजीवक कोणत्या अवस्थेत, किती दिवस आधीपर्यंत द्यावे याची कोष्टके तेथून निघतात. कोष्टके उत्तम आहेत. तथापि कोष्टक हे ‘काय करावे’ एवढेच सांगते. ‘का’ हे ज्याला ठाऊक असते तोच दुकानदाराने पुढे केलेल्या बेनामी टॉनिकाच्या बाटलीस नकार देऊ शकतो.

पुण्याचा या शास्त्राशी आणखी एक संबंध आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. स्कूग व मिलर यांनी १९५७ साली असे दाखविले होते की, तंबाखूच्या पेशींच्या आकारहीन गोळ्याला ऑक्सिन अधिक दिले तर मुळे फुटतात, सायटोकायनिन अधिक दिले तर कोंब फुटतात, आणि दोन्ही समतोल दिली तर गोळा गोळाच राहतो. या सूत्राच्या आधारे पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेंकटरामन जगन्नाथन आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली ऊतिसंवर्धनाचे काम उभे राहिले. हळद, ऊस, निलगिरी यांबरोबरच शंभर वर्षांच्या सागवृक्षाच्या डोळ्यांपासूनही नवी रोपे त्यांनी नळीत वाढविली. जुन्या वृक्षाच्या ऊतीला पुन्हा तारुण्य आणणे हे किती अवघड असते, हे जाणत्यास सांगावयास नको. आज जळगावच्या केळीबागांत लक्षावधी ऊतिसंवर्धित रोपे लागतात, त्यांचे कोंब बहुगुणित होतात तेही सायटोकायनिनाच्याच जोरावर.

त्याच प्रयोगशाळेतून १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात रजनी नाडगौडा, व्ही. ए. परशरामी आणि मस्कारेन्हस यांचा एक दोन पानी निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. बांबू हा फुलण्याच्या बाबतीत वनस्पतिसृष्टीतील सर्वांत गूढ प्राणी. कटांगासारखा बांबू दोन-चार दशके केवळ वाढत राहतो, मग एका साली सारे बेट एकदम फुलते, बी धरते आणि मरून जाते. या संशोधकांनी बांबूची रोपे काचेच्या नळीत, नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन असलेल्या माध्यमावर वाढविली, आणि ती काही महिन्यांतच फुलली. इतकेच नव्हे, तर त्यांना उगवणक्षम बीही धरले. चार-सहा इंचांच्या त्या रोपांनी दशकांची प्रतीक्षा ओलांडली. यावरून बांबूचे कालगणित केवळ सायटोकायनिनाने चालते असे म्हणणे घाईचे होईल. फुलण्याचा निरोप पानातून शेंड्याकडे नेणारे फ्लोरिजेन, ज्याची कल्पना रशियात चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली आणि जे एक लहानसे प्रथिन आहे हे २००७ साली ठरले, ते बांबूत कोणत्या पहाऱ्याखाली इतकी वर्षे अडकून राहते, हा खरा प्रश्न. पण तो पहारा उठविता येतो, एवढे तरी पाषाणच्या त्या नळीत प्रत्यक्ष दिसले.

वाढीपेक्षाही संप्रेरकांचे महत्त्व संकटकाळी अधिक जाणवते, आणि दख्खनमध्ये संकट म्हणजे मुख्यतः पाण्याचे. रब्बीची ज्वारी पेरणीनंतर जवळजवळ पावसाशिवाय, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगते. ती ओल ओसरू लागली, की पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल साचू लागते आणि काही मिनिटांतच पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या पेशींतील क्षार व पाणी बाहेर पडून ती रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण अन्न तयार करण्यास लागणारा वायूही आत येईनासा होतो. म्हणून हा निवाडा नेहमीच तडजोडीचा असतो. या आम्लाचे ग्राही २००९ साली सापडले आणि तेव्हा कळले की येथेही रीत पहारा उठविण्याचीच आहे. बी अवेळी उगवू नये म्हणून तेच आम्ल ते निजवून ठेवते. काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागून राहिला की कणसातच दाणे उगवतात, तेव्हा आम्लाची ती सत्ता मोडलेली असते.

पाण्याच्या अतिरेकात इथिलीन पुढे येते, आणि येथे एकाच निरोपाला मिळणाऱ्या दोन परस्परविरुद्ध उत्तरांचा पुरावा मिळतो. बुडालेल्या भाताच्या अंगात हा वायू कोंडतो. खोल पाण्याच्या भातात त्यामुळे कांडी भराभर लांबून शेंडा पाण्यावर येतो. उलट २००६ साली शोधलेल्या सब-१ए या जनुकाचा भात त्याच इथिलिनाच्या निरोपावर वाढ थांबवितो, शक्ती राखतो आणि पाणी ओसरेपर्यंत निपचित पडून राहतो. स्वर्णा या लोकप्रिय वाणात हे जनुक घालून तयार झालेला स्वर्णा-सब-१ भारतात २००९ साली प्रसारित झाला.

इथिलिनाचे आपल्या नित्य परिचयाचे कार्य म्हणजे फळ पिकणे. कोकणात भाताच्या पेंढ्यात हापूसची अढी घालतात, तेव्हा आंब्याने स्वतः सोडलेला वायू त्या उबेत टिकून राहतो आणि शेजारच्या फळाला पिकण्यास प्रवृत्त करतो. पिकणारे फळ आणखी वायू सोडते आणि क्रिया आपोआप वेग घेते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हजारो पेट्या उतरतात तेथे इतका धीर धरण्यास सवड नसते, म्हणून कार्बाइडचा मार्ग रूढ झाला. ओलाव्याने कार्बाइडपासून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू इथिलिनाची दुबळी नक्कल करतो, आणि त्या खड्यांसोबत आर्सेनिक व फॉस्फरसची विषे येतात. कायद्याने ही रीत केव्हाच निषिद्ध आहे. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शंभर पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास मुभा दिली, ती शास्त्राला धरूनच आहे, कारण हा वायू फळाचा स्वतःचाच. परंतु कोवळ्या, आत गोडी न धरलेल्या आंब्याला वायू दिला तर साल पिवळी होते आणि गर आंबटच राहतो. मुभा मिळाली तरी कुवत आलेली नसते. मार्चात येणाऱ्या हापूससाठी कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती कल्टार ओततात, तेही जिबरेलीनविरोधीच द्रव्य. दापोलीच्या विद्यापीठाने त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर बांधून दिली आहे. ती ओलांडून वर्षानुवर्षे ओतत राहिल्यास ते मातीत साचते आणि झाड खुरटते. अनेक बागांत ते घडलेले आहे.

किडींविरुद्धच्या संरक्षणाचा कारभार जॅस्मोनेटाकडे असतो. अळीने पान कुरतडले, की या द्रव्याच्या निरोपावरून दूरच्या पानांतही अळीच्या पचनद्रव्यांना निकामी करणारी प्रथिने तयार होतात. अमेरिकेत ग्रीन व रायन यांनी १९७२ साली टोमॅटोत हे प्रथम पाहिले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील विद्या गुप्ता व अशोक गिरी यांच्या गटाने मिरचीतील अशा प्रथिनांचा आणि घाटेअळी त्यांना कशी बगल देते याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. अळी प्रत्युत्तर देते, वनस्पती पुन्हा आपले शस्त्र बदलते.

अखेरीस ज्या द्रव्याचा उल्लेख करावयाचा ते स्ट्रायगोलॅक्टोन, आणि त्याची कथा थेट महाराष्ट्राच्या ज्वारीशी भिडते. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर वाढणारे परजीवी झाड. त्याचे बी धुळीएवढे, एकेका झाडाला हजारोंनी येणारे आणि जमिनीत दहा-दहा वर्षे टिकणारे. यजमानाचे मूळ जवळ आल्यावाचून ते उगवत नाही, कारण उगवून लगेच आधार मिळाला नाही तर त्याची शिदोरी संपते. मूळ जवळ आले हे त्याला कळते कसे, याचा शोध घेताना १९६६ साली कपाशीच्या मुळांच्या स्रावातून स्ट्रिगॉल वेगळे करण्यात आले. आपल्या शत्रूला जागे करणारे द्रव्य कोणती वनस्पती मातीत कशाला सोडील, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ साली जपानात अकियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडविले: स्फुरदाची टंचाई भासली, की वनस्पती या द्रव्याने मातीतील मित्र-बुरशीला मुळाशी बोलाविते. बुरशीसाठी धाडलेला निरोप टारफुल्याच्या कानी पडतो. तीन वर्षांनी, २००८ साली, असेही दिसले की हेच द्रव्य झाडाच्या अंगात फुटवे रोखणारे संप्रेरक आहे.

म्हणूनच हलक्या, स्फुरद कमी असलेल्या जमिनीत टारफुला अधिक माजतो. ज्वारीच्या काही वाणांत हा स्राव किंचित निराळ्या घडणीचा असतो. बुरशी त्याला ओळखते, टारफुला सहसा ओळखत नाही. त्या भेदाचे जनुक २०१७ साली हाती आले आणि रोधक वाण निवडण्याचे काम त्याने सोपे केले. कपाशी टारफुल्याचे बी उगवविते, पण त्याला आपल्या मुळावर आसरा देत नाही. बी उगवून मरते आणि पुढच्या ज्वारीच्या वाट्याचा शत्रू कमी होतो. ज्वारीवर कापूस आणि कापसावर ज्वारी अशी फेरपालट आपल्या काळ्या जमिनीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.